धागा: अणुभट्टीवर चालणारी अंतराळातली मालगाडी, आणि ते इंजिन थंड कुठं करायचं?

मालगाडी_भुसावळ

राम राम मंडळी. मी ३६ वर्षं रेल्वेत काढली, सुरुवातीची काही वर्षं वाफेच्या इंजिनावर फायरमन आणि पुढं सगळी नोकरी मालगाडीवर, आधी ड्रायव्हर म्हणायचे, मग लोको पायलट झालो, काम तेच. आता रिटायर आहे, भुसावळलाच असतो. नात नववीत आहे, तिनं शाळेच्या विज्ञान प्रदर्शनाला विषय घेतलाय की लांबच्या अंतराळात सामान वाहून नेणारं यान अणुऊर्जेवर कसं चालेल. मला म्हणे बाबा तुम्ही आयुष्यभर मालच वाहिला, तुम्हीच सांगा. आता घ्या.

मी दोन दिवस वाचतोय पण गोंधळ वाढतोय. एक ठिकाणी लिहिलंय अणुइंजिन म्हणजे मंगळावर झटक्यात पोचणार, दुसरीकडं लिहिलंय त्याचा जोर इतका कमी की कागदाचा तुकडा तळहातावर ठेवल्यासारखा. मग खरं काय? आणि एवढ्या कमी जोरावर माल कसा ओढणार? आमच्या कोळशाच्या रेकला साडेचार-पाच हजार टन लोड असायचा, एक एक नॉच (इंजिनाच्या जोराची पायरी) घेत उचलायला लागायचा नाहीतर चाक जागेवर फिरायचं. कोणाला माहिती असेल तर साध्या भाषेत लिहा.

केळीवाला_रावेर

काका राम राम. मला फक्त एवढं सांगा, यात केळी जाईल का? 😄 इथं दिल्लीला पोचेपर्यंत जीव टांगणीला असतो.

जळगावकर_पुण्यात

काका तुम्ही दोन वेगळ्या गोष्टी वाचल्यात, म्हणून गोंधळ. दोन्हीत अणुभट्टी आहे पण काम वेगळं.

पहिला प्रकार, भट्टीची उष्णता सरळ हायड्रोजनला द्यायची, तो तापून नोझलमधून मागं फेकायचा. जळत काहीच नाही, फक्त तापतं. अमेरिकेनं हे १९५५ पासून सुरू केलं, आधी रोव्हर आणि मग नर्व्हा नावाचे प्रकल्प, नेवाडाच्या वाळवंटात उघड्यावर चाचण्या घ्यायचे. १९६८ मध्ये फीबस-२ए नावाची भट्टी चालवली, तिनं ४००० मेगावॅटच्या वर उष्णता दिली. आपल्या दीपनगरच्या औष्णिक केंद्रातल्या ५०० मेगावॅटच्या युनिटला बॉयलरमधून अंदाजे १३०० मेगावॅट उष्णता लागते असं धरा, म्हणजे तशा तीन युनिटचा जाळ एका खोलीत मावेल अशा भट्टीत. १९७३ ला सगळं बंद केलं, पैसे नव्हते आणि मंगळाची घाईही राहिली नव्हती. उडालं एकही नाही.

दुसरा प्रकार म्हणजे भट्टीवर आधी वीज करायची आणि त्या विजेनं झेनॉनसारखा वायू भारित करून प्रचंड वेगानं मागं सोडायचा. तो तुमचा कागदवाला. नासाचं डॉन यान असल्याच इंजिनावर (पण सोलरवर) २००७ ला निघून २०११ ला वेस्टा या लघुग्रहाला आणि २०१५ ला सेरेस या बटुग्रहाला गेलं, इंजिनाचा जोर जास्तीत जास्त ९० मिलिन्यूटन. खरोखर एक-दोन कागदांएवढा.

अहिराणी_गडी

बठ्ठं वाचं भो, माले काय समजनं नही. कागद कसा काय गाडी वढी?

धुळ्याची_भौतिकवाली

मी कॉलेजला फिजिक्स शिकवते, हे दरवर्षी मुलं विचारतात तेव्हा मी आकडा करूनच दाखवते, तुम्हीपण करून बघा.

समजा भट्टी १ मेगावॅट वीज देतेय. इंजिन वायू सेकंदाला ३० किलोमीटरच्या आसपास वेगानं सोडतंय आणि विजेतला दोन तृतीयांश भाग कामी येतोय. जोर निघतो साधारण ४४ न्यूटन. जमिनीवर हा जोर साडेचार किलो वजन पेलतो. रावेरवाले भाऊ, केळीचा अख्खा घड नाही उचलला जाणार त्यानं, दोन-तीन फण्या फक्त.

आता हाच जोर १०० टनाच्या यानाला लावा. पहिल्या सेकंदाला काहीच कळणार नाही. एक दिवस चालवलं की वेग सेकंदाला ३८ मीटरनं वाढलेला असतो. महिना चालवलं की एक किलोमीटरच्या थोडा वर. वर्षभर बंदच केलं नाही तर सेकंदाला तेरा-चौदा किलोमीटर. तिथं रूळ नाही, हवा नाही, घाट नाही, मिळालेला वेग कोणी काढून घेत नाही (सूर्याचं गुरुत्व सोडून, आणि वायू खर्च होऊन यान हलकं होत जातं तेही सोडून, तो हिशोब मी इथं नाही मांडत). साधं रॉकेट काही मिनिटं भडकतं आणि मग पुढचे कितीतरी महिने नुसतं वाहत जातं, हे मुंगीसारखं ढकलत राहतं.

मालगाडी_भुसावळ

ताई, फार बरं वाटलं. महिनाभर एकाच नॉचवर गाडी, कुठं सिग्नल नाही की लूपला टाकणं नाही, असली ड्युटी मला नाही मिळाली कधी.

पण मग पहिला प्रकार कशाला हवा? दुसराच चांगला वाटतोय.

जळगावकर_पुण्यात

काका तिथंच माणूस आणि माल वेगळे होतात. माणूस म्हणजे केळी, सामान म्हणजे कोळसा. माणसाला खायला लागतं, किरणोत्सर्गाचा त्रास होतो, हाडं झिजतात, त्याला लवकर पोचवायला हवं, तिथं जोरवालं इंजिन पाहिजे. पण मंगळावर आधी पाठवायचं पाणी, यंत्रं, घराचे भाग, परतीचं इंधन, हे दीड वर्षानं पोचलं काय आणि अडीच वर्षानं पोचलं काय. कोळशाला कोण राजधानी लावतं?

जोरवाल्याचाही फायदा आहे मात्र. हायड्रोजन-ऑक्सिजन जाळणारं चांगल्यातलं इंजिन घेतलं तर पृथ्वीच्या कक्षेतून मंगळाच्या वाटेला लागायलाच १०० टनातले ५६ टन जळून जातात, उरतात ४४, त्यात टाक्या आणि इंजिन आलंच. अणुभट्टीनं तापवलेल्या नुसत्या हायड्रोजनवर ६७ च्या आसपास उरतात. कारण सोपं आहे, जाळलं की पाण्याची वाफ बाहेर पडते ती जड, नुसता हायड्रोजन नऊ पट हलका, तापवला की सुसाट पळतो. गोम अशी की द्रव हायड्रोजन शून्याखाली २५३ अंशावर ठेवायचा, घनमीटरला जेमतेम ७१ किलो बसतो, म्हणून टाक्या अवाढव्य आणि थेंबथेंब उडूनही जातो.

मालगाडी_भुसावळ

अरे म्हणजे हे आमचं वाफेचं इंजिनच झालं की! वाफ सिलिंडरमधून काम करून चिमणीतून भसकन बाहेर, गेली ती गेली, म्हणून ठराविक ठिकाणी थांबून पाणी भरावंच लागायचं. मी त्या पाण्याच्या नळाची सोंड ओढून टेंडरच्या (इंजिनामागच्या कोळसा-पाण्याच्या डब्याच्या) तोंडात घातलीय, थंडीत पहाटे हात बधिर व्हायचे आणि सोंड सुटली की निम्मं पाणी अंगावर. तसंच इथं हायड्रोजन संपला की इंजिन गरम असून उपयोग शून्य.

बॉयलरवाला

काका तुमची उपमा एकदम बरोबर, आणि त्यात एक गोष्ट लपलीय ती सांगतो. मी औष्णिक केंद्रात होतो, कुठलं ते राहू द्या. वाफेचं इंजिन चिमणीतून वाफ सोडतं तेव्हा उष्णता पण त्याच्याबरोबर बाहेर जाते. पहिल्या प्रकारात तेच, हायड्रोजन भट्टीची उष्णता घेऊन निघून जातो, भट्टी थंड ठेवायची वेगळी यंत्रणा फारशी लागत नाही. पण दुसरा प्रकार म्हणजे आमचं पॉवर स्टेशन. तोच वायू फिरून फिरून टर्बाइनमधून जाणार, म्हणजे त्याला दर फेरीला थंड करायलाच पाहिजे. आमच्याकडं जेवढी उष्णता तयार होते त्यातली साठ टक्क्यांच्या वर वाया जाते, त्यासाठी कंडेन्सर (वाफ थंड करून पुन्हा पाणी करणारा), कूलिंग टॉवर, नदीचं पाणी. मे महिन्यात पाणी गरम यायला लागलं की कंडेन्सरचा व्हॅक्यूम पडायचा, लोड कमी करावा लागायचा आणि कंट्रोल रूममध्ये सगळ्यांचे चेहरे बघण्यासारखे. आपल्याकडं ४५ अंश म्हणजे रोजचं.

आता अंतराळात पाणी नाही, हवा नाही. मला वाटायचं तिथं थंडी आहे म्हणजे सोपं असेल. चूक. बाहेर निर्वात, म्हणजे तुम्ही थर्मासमध्ये बसून चहा थंड करताय! उष्णता बाहेर काढायचा एकच रस्ता, पत्रा तापवायचा आणि त्यानं प्रारणानं, म्हणजे तव्यासमोर हात धरल्यावर जी झळ लागते तशी, उष्णता फेकायची. आकडा भौतिकवाल्या ताईंनीच द्यावा, मी चुकेन.

धुळ्याची_भौतिकवाली

देते. १ मेगावॅट विजेसाठी ४ मेगावॅट उष्णता धरली तर ३ मेगावॅट फेकायची. पत्र्याच्या दोन्ही बाजू कामी येतात असं धरून, पत्रा ४७ अंश सेल्सिअसला ठेवला, म्हणजे तुमच्या कंडेन्सरच्या आसपास, तर २८०० चौरस मीटर लागतील. सरळ २८ गुंठे! तोच पत्रा ३२७ अंशाला ठेवला तर सव्वादोन गुंठे. ५२७ अंशाला ठेवला तर पाऊण गुंठा.

तापमानाच्या चौथ्या घातानं उष्णता बाहेर पडते म्हणून असं. तापमान केल्विनमध्ये दुप्पट केलं की सोळापट.

बॉयलरवाला

बघा म्हणजे! आम्ही उभा जन्म घालवला कंडेन्सर जितका गार तितकी कार्यक्षमता चांगली म्हणून, अर्ध्या अंशासाठी भांडलोय. आणि इथं मुद्दाम गरम ठेवायचा, वीज कमी निघाली तरी चालेल पण पत्रा छोटा झाला पाहिजे, कारण प्रत्येक किलो वर न्यायचाय. हे पचायला मला अख्खी रात्र लागली. तुमच्या नातीला सांगा मॉडेलमध्ये भट्टी अगदी छोटी दाखव, मुठीएवढी, आणि रेडिएटर हे एवढे पंख. लोक उलटं काढतात.

अहिराणी_गडी

आते मन्हं डोकंच रेडिएटर व्हई गयं.

साक्रीकर

माफ करा पण एवढा उपद्व्याप कशाला? आमच्या साक्री तालुक्यात शिवाजीनगरला १२५ मेगावॅटचा सोलर आहे, ना धूर ना भट्टी. अंतराळात तर ढगसुद्धा नाहीत, रात्र नाही. लावा पॅनल, चालवा ते विजेचं इंजिन. नासाचं सायकी यान ऑक्टोबर २०२३ ला निघालं ते सोलरवरच, त्याच झेनॉनवर.

धुळ्याची_भौतिकवाली

साक्रीकर भाऊ, मंगळापर्यंत तुम्ही बरोबर आहात, मी भांडणार नाही. तिथं ऊन इथल्यापेक्षा सव्वादोन-अडीच पटीनं कमी, तुमचा १२५ चा प्रकल्प ५४ मेगावॅट देईल, चालेल की. गुरूपाशी घेऊन गेलात तर ऊन २७ पट कमी, ४ मेगावॅट आणि काहीतरी. शनीपाशी त्याहूनही वाईट. जूनो यान गुरूपाशी सोलरवरच गेलं, त्याचे तीन भले मोठे पंख पृथ्वीपाशी १४ किलोवॅट देऊ शकतात ते तिथं जेमतेम ५०० वॅट. घरातली मिक्सर-मोटर. एवढ्यावर यंत्रं चालतील, माल नाही ओढला जाणार.

गेल्या हिवाळ्यात पाटणादेवीला मुलांना घेऊन गेले होते आकाशदर्शनाला, दुर्बिणीत गुरू आणि त्याचे चार चंद्र ओळीनं दिसले तेव्हा एक मुलगा म्हणाला मॅडम तिथं दुपार कशी असते. मी म्हटलं आपल्या ढगाळ दिवसासारखी.

केळीवाला_रावेर

ते सगळं ठीक, पण हे वर जाताना फुटलं किंवा खाली पडलं तर? शेवटी आहे अणुभट्टी. मी विरोधक वगैरे नाही, पण शेत माझं आहे.

जळगावकर_पुण्यात

प्रश्न रास्त आहे भाऊ आणि पडलेलं आहे. सोव्हिएत रशियानं टेहळणीचे तीसच्या वर उपग्रह भट्टीवर चालवले, त्यातला कॉसमॉस ९५४ हा २४ जानेवारी १९७८ ला कॅनडाच्या बर्फाळ भागात पडला. तुकडे शेकडो किलोमीटर पसरले, कित्येक महिने शोधत होते. कॅनडानं ६० लाख डॉलरचं बिल लावलं, १९८१ मध्ये ३० लाखांवर मिटलं.

त्यातूनच नियम आले, १९९२ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी तत्त्वं मंजूर केली. मुख्य गोष्ट अशी की भट्टी जमिनीवरून बंद अवस्थेतच न्यायची आणि यान पुरेसं उंच गेल्यावरच पेटवायची. न पेटलेलं युरेनियम फारसं किरण टाकत नाही, युरेनियम-२३५ चं अर्धायुष्य ७० कोटी वर्षं आहे, म्हणजे ते अगदी निवांत असतं. भट्टी चालली की मग त्यात जे तुकडे तयार होतात ते खरे घातक. अमेरिकेची स्नॅप-१०ए ३ एप्रिल १९६५ ला उडाली, अर्धा किलोवॅट वीज, ४३ दिवस चालली आणि विजेच्याच एका भागात बिघाड होऊन बंद पडली. ती इतकी उंच आहे की अजून वर फिरतेय.

आणि हो, यानात माणूस नसला तरी ढाल लागते, यंत्रांना पण किरण सोसत नाहीत. भट्टी एका टोकाला, मध्ये लांबच लांब सांगाडा, दुसऱ्या टोकाला माल. ढाल फक्त मालाच्या बाजूला, छत्री धरल्यासारखी, चारी बाजूंनी लावली तर वजनानं मेलो. म्हणून ही यानं सडपातळ, काठीसारखी काढतात.

मालगाडी_भुसावळ

इंजिन आणि डबे यांच्यात अंतर! आमच्याकडं पेट्रोलच्या टँकरच्या रेकला इंजिनामागं एक-दोन साधे वॅगन जोडायचे, ठिणगीपासून लांब म्हणून. तोच विचार.

साक्रीकर

ठीक आहे, गुरूचं मान्य. पण मग इतके वर्षं झाली, बनलं का नाही कोणाकडून?

जळगावकर_पुण्यात

कारण १ मेगावॅट म्हणणं सोपंय. आजवर अंतराळात खरोखर चाललेली मोठी भट्टी म्हणजे सोव्हिएतांची टोपाझ, १९८७ मध्ये दोन उपग्रहांवर, वीज ५ किलोवॅटच्या आसपास. आपण बोलतोय त्याच्या दोनशे पट. नासानं २००३ मध्ये प्रोमिथियस सुरू केला, २०० किलोवॅटची भट्टी लावून गुरूच्या चंद्रांना भेट द्यायची, २००५ ला गुंडाळला. रशिया २०१० पासून मेगावॅट दर्जाच्या भट्टीवर चालणारं ओढणारं यान करतोय, अजून जमिनीवरच आहे. तापवणाऱ्या प्रकारातला ड्रॅको नावाचा अमेरिकी प्रकल्प २०२७ ला उडणार होता, २०२५ मध्ये बंद, कारणांत एक असंही की साध्या रॉकेटनं वर न्यायचा खर्चच उतरलाय.

चांगली बातमी म्हणाल तर क्रस्टी. मार्च २०१८ मध्ये नेवाडात २८ तास सलग चालवली, छोटीशी, काही किलोवॅट उष्णता देणारी, पण खरी भट्टी. मुद्दाम बिघाड घडवून बघितले, थंड करणं बंद केलं तर तिनं स्वतःच जोर कमी केला. मला सगळ्या घोषणांपेक्षा हे २८ तास जास्त पटतात.

बॉयलरवाला

आणि देखभाल? टर्बाइनची बेअरिंग दहा वर्षं कोण बघणार? आमच्याकडं वर्षाला शटडाऊन, पन्नास माणसं आत घुसायची. तिथं एक नट सैल झाला की संपलं. माझं मत विचाराल तर भट्टी बनेल, रेडिएटर पण बनतील, हे लोक अडतील फिरणाऱ्या भागावर. ज्यात काहीच फिरत नाही अशा पद्धती आहेत पण त्यात वीज फारच कमी निघते.

धुळ्याची_भौतिकवाली

आपल्याकडचं पण लिहा कोणीतरी. चंद्रयान-३ च्या प्रॉपल्शन मॉड्यूलमध्ये एकेक वॅटचे दोन किरणोत्सारी हीटर होते, भाभा अणुसंशोधन केंद्रानं केलेले. विक्रमवर नव्हते, तो २३ ऑगस्ट २०२३ ला उतरला आणि चंद्रावरची पहिली रात्र झाल्यावर उठला नाही. भट्टी नव्हे ती, साधी ऊब देणारी गोळी, पण पहिलं पाऊल म्हणून मुलांना सांगते मी.

मालगाडी_भुसावळ

मंडळी, सगळं नातीला वाचून दाखवलं. तिनं ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला की बाबा, जाताना भरलेलं जाईल, येताना काय आणणार?

मी गप्प. कारण मालगाडीचा सगळा धंदा तिथंच आहे हो. कोळशाचा रेक खाली करून रिकामा परत न्यायचा, त्याला पण ड्रायव्हर तोच, मार्ग तोच, आणि उत्पन्न शून्य. रेक किती दिवसात फिरून परत लोडला लागतो त्यावर साहेब लोकांची झोप अवलंबून. ही भट्टी एकदा पेटली की दहा वर्षं चालणार म्हणता, मग ती एकाच फेरीत टाकून द्यायची का? परत आणायची तर झेनॉन परतीचा पण न्यायचा, म्हणजे माल कमी. नाहीतर तिकडंच काहीतरी भरायला मिळालं पाहिजे. माझ्या मते वेग-बिग नंतर, आधी या रिकाम्या रेकचा हिशोब बसला पाहिजे.

जळगावकर_पुण्यात

काका, नातीनं मोठ्या मोठ्यांना गाठलंय. याचसाठी चंद्राच्या ध्रुवावरच्या बर्फाकडं सगळ्यांचे डोळे आहेत, पाणी काढायचं, तेच यानात भरायचं. पण ते पाणी झेनॉनच्या इंजिनात चालत नाही, वेगळं इंजिन लागतं. म्हणजे पुन्हा पाण्याची सोंड आली.

केळीवाला_रावेर

आमच्या केळीच्या गाड्या पण दिल्लीहून रिकाम्याच यायच्या काका. आता ट्रकवाले येताना काहीतरी भरून आणतात, म्हणून भाडं परवडतं. नातीला म्हणा, ट्रान्सपोर्टचं ऑफिस टाक.

मालगाडी_भुसावळ

काल मॉडेल पूर्ण झालं. भट्टी म्हणजे निरांजनाएवढी डबी, पुढं पुठ्ठ्याची छत्री, मग झाडूच्या काड्यांचा लांब सांगाडा, आणि जुन्या तेलाच्या डब्याचा पत्रा कापून काळा रंग दिलेले दोन पंख, ते सगळ्यात मोठे (बॉयलरवाले साहेब, तुमचं ऐकलं). मागं काडेपेट्यांचे सहा डबे. मी विचारलं गार्डचा डबा कुठंय, तर म्हणे बाबा माणूसच नाही तर गार्ड कशाला. बरं म्हटलं. पण शेवटच्या डब्याला 'एल व्ही'चा (लास्ट व्हेइकल, म्हणजे शेवटचा डबा) बोर्ड मी स्वतःच्या हातानं लावलाय, त्याशिवाय गाडी पूर्ण आली हे स्टेशनवाल्याला कळणार कसं?

बॉयलरवाला

बोर्ड पंखापासून लांब लावलाय ना? ५२७ अंश आहे तिथं.